आकडा आणि आप्तवाक्य

मोटारगाडी नवी असो वा जुनी, लहान असो वा मोठी, तिच्याविषयी आपल्या देशात पहिला प्रश्न एकच विचारला जातो: लिटरला किती देते? आमच्या हैदराबादेत तो दखनी बोलीत ‘कित्ता देती?’ असा येतो, आणि विचारणारा स्कूटरवाला असो की जुबिली हिल्सवरचा बंगलेवाला, त्याच्या डोळ्यांतील कुतूहल सारखेच असते. साठ लाखांची गाडी घेणाऱ्याने पेट्रोलची चिंता करावी ह्याचे पुष्कळांना हसू येते. मला येत नाही. ह्याच शहराचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३७ साली जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले, आणि त्यांच्याच काटकसरीच्या कथा जुन्या शहरात अद्याप चवीने सांगितल्या जातात. चौमहल्ला राजवाड्यात त्या घराण्याची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. ती साऱ्या आयुष्यात काहीशे मैलच चालली असे सांगतात. तिला ‘कित्ता देती’ असे कोणी विचारले नसावे, कारण ती कोठे जाण्यासाठी घेतलेलीच नव्हती. परंतु जी गाडी रोज कामास जुंपावयाची, तिचा हिशेब श्रीमंताने ठेवला तर त्यात वावगे काही नाही. हिशेब ठेवणे हा सद्गुणच होय, असे मी जन्मभर मानीत आलो. माझी सारी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. त्या सद्गुणाने माझ्या हातून एक अन्याय घडला. त्याची हकीकत आधी सांगतो, आणि मग तिच्यातून निघणाऱ्या प्रश्नाकडे वळतो.

आम्ही मूळचे कारवारकडचे. घरात कोंकणी, शाळेत मराठी, आणि दोन पिढ्यांपूर्वी हैदराबादेस आल्यापासून बाजारात दखनी व तेलुगू, असा आमचा भाषिक संसार. माझे थोरले मावसबंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांचा जीडिमेटला येथे लहानसा कारखाना आहे. २०२३ साली त्यांनी एक उंची सेडान घेतली. गाडी प्रथम पेद्दम्मा देवळात नेऊन तिची पूजा केली, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला ड्रायव्हरने पहाटे उठून ती अशी धुतली, अशी झेंडूने मढविली, की वहिनी म्हणाल्या, ‘ह्याने देव्हारासुद्धा असाच सजविला असता.’ तो महबूबनगरकडचा माणूस होता. त्याचे नाव येथे देत नाही.

गाडीच्या माहितीपत्रकात लिटरला १५ किलोमीटर असा आकडा होता. २०२४ च्या मे महिन्यात अण्णांनी पेट्रोलच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, ‘तू हिशेबातला माणूस. जरा पाहा.’ महिन्यात गाडी ११९० किलोमीटर चालली होती आणि पेट्रोल भरले होते १४० लिटर. भागाकार आला साडेआठ. माहितीपत्रकाप्रमाणे ८० लिटरांहून अधिक लागावयास नको होते. ६० लिटरांचा फरक! लिटरला १०७ रुपयांच्या दराने सुमारे साडेसहा हजार रुपये, म्हणजे ड्रायव्हरच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मी पावतीच्या कोऱ्या बाजूवर हे सारे मांडले, खाली दोन रेघा ओढल्या, आणि उद्गारलो, ‘अण्णा, पेट्रोल कोठेतरी जात आहे.’

कोठे, ते मी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. ड्रायव्हरने तेल काढून विकणे ही गोष्ट आपल्याकडे इतकी परिचित आहे की आकडा जुळला नाही म्हणजे मनुष्य आपोआप सापडतो. चार दिवसांनी त्याला रजा मिळाली. अण्णा काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. साडेसहा हजारांनी त्यांचे काही बिघडत नव्हते. आपल्या घरात, आपल्या अन्नावर राहून कोणी आपल्याला फसविले, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही.

पुढे नवा ड्रायव्हर आला. तो वहिनींच्या माहेरच्या ओळखीचा, वयस्क, कपाळाला गंध लावणारा. त्याच्या पहिल्या महिन्यात गाडी ११६० किलोमीटर चालली आणि पेट्रोल लागले १३८ लिटर. भागाकार ८.४.

ह्या वेळी पावत्या पाहताना माझा हात थांबला. एक चोर गेला आणि दुसरा चोर नेमकी तेवढीच चोरी करणारा मिळाला, हा योगायोग हिशेबतपासनीसाला पटणारा नव्हता. मग जे काम मी मे महिन्यातच करावयास हवे होते, ते आता आरंभिले: माहितीपत्रकातला १५ हा आकडा कोठून आला, ते शोधू लागलो.

आपल्याकडील गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्थांत पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही प्रमुख. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्या आकड्याला ‘एआरएआयचा आकडा’ म्हणतात. परीक्षा रस्त्यावर होत नाही. गाडी एका खोलीत रुळांवर उभी करतात; चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी मात्र जागची हलत नाही. रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध रुळांवर भार घालून निर्माण केला जातो. ठरवून दिलेल्या वेगपत्रकाप्रमाणे चालक गाडीचा वेग वाढवितो, कमी करतो, मध्ये थांबतो. अवघ्या वीस मिनिटांत सुमारे साडेदहा किलोमीटरांची ही यात्रा संपते. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरांच्या आसपास, कमाल वेग ९०, वातानुकूलन बंद, हवा माफक तापमानाची. हे वेगपत्रक मुळात युरोपातील जुन्या पत्रकावरून घेतलेले. युरोपने ते २०१७ पासून टाकून अधिक कडक पत्रक स्वीकारले.

त्याहून मौजेची गोष्ट अशी की, ह्या परीक्षेत पेट्रोल मोजीत नाहीत. गाडीच्या नळीतून निघणारा धूर गोळा करतात, त्यातील कार्बनयुक्त वायूंचे प्रमाण पाहतात, आणि इतका कार्बन बाहेर आला त्या अर्थी इतके पेट्रोल जळले असले पाहिजे, असा निष्कर्ष काढतात. न्यायशास्त्राचे पहिले पाठ ज्यांनी वाचले असतील त्यांना येथे हसू येईल. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे शेकडो वर्षे घोटलेले उदाहरण कोथरूडच्या टेकडीवर आकडेमोडीसह चालू आहे! आणि ते अनुमान निर्दोष आहे. त्या खोलीपुरता तो आकडा अगदी खरा असतो. सर्व गाड्यांना एकच माप लावावयाचे तर ते कोणत्याही एका शहराच्या रहदारीवर सोपवून चालणार नाही. बंगळूरची गाडी आणि बिदरची गाडी ह्यांची तुलना मग करावयाची कशी? तेव्हा प्रयोगशाळेला दोष देणे अज्ञानाचे होईल.

आता आमच्या गाडीचे दिवसाचे जीवन पाहा. जुबिली हिल्सवरून उतरून बालानगरमार्गे जीडिमेटला, आणि सायंकाळी परत. पावणेदोन टनांची गाडी. ती उभ्या स्थितीतून ताशी ५० किलोमीटरांच्या वेगाला आणावयास सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे पेट्रोल खर्ची पडते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सारे चाकांच्या उष्णतेत विरून जाते, आणि हिरवा दिवा लागला की पुन्हा चार चमचे. प्रत्येक तांबड्या दिव्याला दोन रुपयांची दक्षिणा म्हणा. बालानगरच्या वाटेवर असे दिवे किती, आणि दिव्यांखेरीज केवळ गर्दीमुळे थांबणे किती, ह्याची गणती मी एके सकाळी मागच्या आसनावर बसून करू लागलो, आणि चाळीसनंतर सोडून दिली.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. अण्णांना गाडीत बसताना ती थंड लागते. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टीच. म्हणून ते कारखान्यातून, बँकेतून, कोणाच्या लग्नातून निघण्यापूर्वी फोन करीत, आणि ड्रायव्हर इंजिन चालू करून वातानुकूलन लावून ठेवी. ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणणाऱ्या यजमानाची पाच मिनिटे किती लांबतात, हे आपल्यापैकी कोणाला सांगावयास नको. दिवसाकाठी पाऊण तास धरला तरी महिन्याचे एकोणीस तास होतात. अशा इंजिनाला नुसते उभे राहून वातानुकूलनासह तासाला एक लिटरहून अधिक पेट्रोल लागते. म्हणजे ज्या साठ लिटरांचा आरोप आम्ही त्या माणसावर ठेवला, त्यांतले वीस-बावीस लिटर अण्णांच्या सुखासाठी, अण्णांच्याच आज्ञेने, एक पाऊलही न चालता जळत होते. उरलेले सिग्नलांनी, गर्दीने आणि चढउतारांनी घेतले. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण त्या वर्षांत वाढत होते. २० टक्क्यांचे मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे तेथेही थोडी गळती होतेच.

तरीही मला शेवटचा पुरावा हवा होता. एका रविवारी पहाटे अण्णांना आणि नव्या ड्रायव्हरला घेऊन मी गच्चीबावलीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरांच्या बाह्य वळणरस्त्यावर आम्ही चढलो आणि ताशी ८० ते ९० च्या वेगाने एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. चढण्या-उतरण्याचे धरून १६२ किलोमीटर झाले. परत त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी भरली: १०.९ लिटर. भागाकार १४.९!

अण्णा आनंदले. गाडी चांगली आहे, फसवणूक झालेली नाही, ह्याचा तो आनंद होता. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. आकडा खोटा निघाला असता तर सारा दोष कंपनीवर ढकलून मला मोकळे होता आले असते. आकडा खरा होता. मोकळ्या रस्त्याचे सत्य घेऊन मी बालानगरच्या रस्त्यावरच्या माणसाला मोजले होते.

येथे वाचकांस भारतातील द्रोणपर्वाची आठवण होईल. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळाने जमिनीवर चार अंगुळे अधांतरी चालत असे. अश्वत्थामा मेल्याचे त्याने सांगितले, हत्तीचा उल्लेख मात्र हळूच केला, आणि रथ भूमीला टेकला. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आपण तेथूनच घेतला. चाके फिरत असून रस्त्याला न टेकणारी पुण्याच्या प्रयोगशाळेतली गाडी पाहून मला तो अधांतरी रथ आठवतो. आपल्या गाड्यांच्या जाहिरातींत १५ हा आकडा हत्तीएवढा आणि ‘प्रमाणित परीक्षेच्या परिस्थितीत’ हे शब्द मुंगीएवढे असतात. तेव्हा कंपन्यांना मी सर्वस्वी निर्दोष म्हणणार नाही. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ ह्या संस्थेने युरोपातील गाड्यांचा अभ्यास केला, त्यात कागदावरील आणि रस्त्यावरील खर्चातली तफावत २००१ साली सुमारे ९ टक्के होती, ती २०१५ पर्यंत सुमारे ४२ टक्क्यांवर गेली. म्हणजे गाड्या रस्त्यासाठी सुधारण्यापेक्षा परीक्षेसाठी सुधारण्यात हुशारी अधिक खर्च झाली. आपल्याकडेही २०२२ साली केरळात त्रिशूरच्या ग्राहक-तक्रार आयोगाने, ३२ किलोमीटरांचे आश्वासन देऊन प्रत्यक्षात सुमारे ४० टक्के कमी चाललेल्या एका गाडीबद्दल, ग्राहकास तीन लाखांहून अधिक रुपये देवविले. योग्यच झाले. परंतु ग्राहकाला आयोग आहे. त्याच आकड्याच्या आधारे ज्याला चोर ठरविले, त्या ड्रायव्हरने कोणत्या आयोगाकडे जावे?

युधिष्ठिराचा दाखला आमच्या प्रकरणास पुरता लागू पडत नाही, हेही कबूल केले पाहिजे. त्याला आपण काय लपवीत आहोत ते ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरज वाटली नाही. कोणते पाप मोठे, ह्याचा निवाडा शास्त्र्यांनी करावा. माझा प्रश्न निराळा आहे. माझ्यासमोर दोन साक्षी होत्या. एक माहितीपत्रकाची, आणि दुसरी अशा माणसाची, जो वर्षभर रोज ती गाडी हाकीत होता. मी पहिली साक्ष प्रमाण मानली आणि दुसरी घेतलीच नाही. असे का झाले?

नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाच्याही शब्दाला नव्हे; आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे नातलग नव्हे, मोठा माणूसही नव्हे. ज्याने ती वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य लिहिताना वात्स्यायनाने येथे एक वाक्य असे घातले आहे की त्यापाशी मी अनेक दिवस अडखळलो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या तिघांना सारखेच लागू आहे, असे तो सांगतो. ज्या काळी माणसाचा शब्द त्याच्या कुळावरून तोलीत असत, त्या काळी एका ब्राह्मण भाष्यकाराने हे निःशंकपणे लिहून ठेवले. ह्या तराजूत आमचे प्रकरण घातले तर काय दिसते? माहितीपत्रक छापणाऱ्याने बालानगरचा रस्ता कधी पाहिला नव्हता. मी स्वतः बारा वर्षांत गाडी चालविलेली नाही. त्या गाडीच्या बाबतीत हैदराबादेत एकच आप्त होता, आणि आम्ही त्याला घरी पाठविले. गुळगुळीत कागदावर छापलेला आकडा मला निःस्वार्थ वाटला आणि पगारी माणसाचा शब्द स्वार्थी वाटला. वास्तविक गाडी विकण्यात कोणाचा स्वार्थ होता, हे हिशेबतपासनिसाला तरी कळावयास हवे होते.

आणखी एक कबुली. तपासणीच्या कामात मला प्रथम शिकविले गेले ते हे की, आकडा जुळला नाही तर आधी आपले माप तपासावे, मग माणूस. मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत मी हा नियम चुकूनही मोडला नाही. तेथे चूक केली असती तर उत्तर द्यावे लागले असते. ड्रायव्हरच्या बाबतीत उत्तर मागणारे कोणी नव्हते.

वळणरस्त्याच्या त्या प्रदक्षिणेनंतर महिन्याभराने मी त्याचा पत्ता काढला. तो आता दुसऱ्याची भाड्याची टॅक्सी चालवीत होता. फोन केला तेव्हा तो प्रथम यावयास तयार नव्हता. अखेर एका दुपारी आमच्या काचीगुड्याच्या घरी आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. मी दोन्ही महिन्यांच्या पावत्या, रविवारचा हिशेब, सारे त्याच्यापुढे मांडले आणि माझी चूक झाली असे स्पष्ट सांगितले. त्याने कागद हातात घेतले नाहीत. म्हणाला, ‘साहेब, शहरात आठ आणि रिंगरोडवर पंधरा, हे मी गाडी आली त्या पहिल्याच महिन्यात मोठ्या साहेबांना सांगितले होते.’

संध्याकाळी मी अण्णांना विचारले. त्यांना ते आठवले. ‘म्हणाला होता खरा,’ ते म्हणाले, ‘पण ड्रायव्हर लोक असे काही ना काही बोलतच असतात.’ पुढे थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन त्याचा एक महिन्याचा पगार आणि वर काही रक्कम पाकिटात घालून माझ्याकडे दिली. ती मी पोहोचती केली. पगार त्याने घेतला, वरची रक्कम परत केली.

परंतु त्या दुपारी निघताना त्याने जे विचारले होते त्याचे उत्तर अद्याप देता आलेले नाही. आमच्याकडून गेल्यावर त्याने बंजारा हिल्सवर दोन घरी नोकरी मागितली होती. दोन्ही घरांनी चौकशीसाठी अण्णांना फोन केला होता आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी, कोणताही आकस न ठेवता, ‘माणूस कामाला चांगला, पण पेट्रोलचा जरा घोळ आहे’ असे सांगितले होते. त्याची विनंती एवढीच होती की साहेबांनी त्या दोन घरी पुन्हा एकदा फोन करावा. नोकरी आता नको होती. ड्रायव्हर लोकांत अशी गोष्ट फिरते, ती मागे घ्यावी, इतकेच.

एका घरी अण्णांनी माझ्यादेखत फोन केला. दुसऱ्या घरच्या गृहस्थांशी त्यांचे व्यवहाराचे संबंध आहेत, आणि आपण पूर्वी चुकीचे सांगितले असे त्यांना कळविणे अण्णांना जड जाते. मी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘करतो.’ ह्या दसऱ्याला पुन्हा विचारणार आहे.